वाय.डी. झालेला कप

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी अहिराणी, शाळेत इंग्रजी, आणि मराठी म्हणजे टाइमटेबलमधला एक पिरियड, ज्यात आम्ही निबंधाचे मुद्दे पाठ करायचो. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मराठी विभागाच्या संपादिकेला बोलू नका, तिने बिचारीने हा लेख तीनदा तपासलाय. तिची अट एकच होती, "आई, पाऊस, मैत्री आणि कॅम्पस इंटरव्ह्यू हे चार विषय सोडून काहीही लिही." मग उरलं काय? फुटबॉल उरला!

आता तुम्ही म्हणाल, नरडाण्याचा मुलगा आणि फुटबॉलवर लेख? नरडाण्यात आहे तरी काय... रेल्वे स्टेशन, एम.आय.डी.सी., हायवे आणि कपाशी. बरोबर आहे तुमचं. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पऱ्हाटी उपटून झाली की रिकाम्या वावरात जो खेळतात तो. काळ्या मातीला हातभर भेगा, त्यात बॉल पडला की तो कुठल्या दिशेने उसळेल हे फिजिक्सच्या सरांनाही सांगता येणार नाही. पंक्चर झाला तर सायकलवाल्याकडे न्यायचा, तो शिव्या देत देत चिकटवून द्यायचा. पण खेळायचो. मी शाळेतून शिकून यायचो आणि गल्लीतल्या पोरांना शिकवायचो. ऑफसाइड मात्र आजपर्यंत एकालाही समजावता आलेलं नाही.

असो. मुद्द्यावर येतो.

७ डिसेंबर २०२५, रविवार. मी घरी होतो. भारताच्या सुपर कपची फायनल चालू होती, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, एफसी गोवा विरुद्ध ईस्ट बंगाल. नव्वद मिनिटं शून्य-शून्य. एक्स्ट्रा टाइम, तरी शून्य-शून्य. मग पेनल्टी. मी मोबाईल भिंतीला टेकवून बसलो होतो आणि शेजारी गोधडी पांघरून आबा, म्हणजे माझे आजोबा. बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, "हाऊ कोनता कप शे रे भो? मांगला साल तं दुसराच व्हता ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला नीट सांगता येणार नाही. तेवढ्यात रेंज गेली. ६-५ ने गोवा जिंकल्याचं मला दहा मिनिटांनी मित्राच्या मेसेजवरून कळलं. पण आबांचा प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, हा कोणता कप आहे? कधीपासून आहे? आणि 'सुपर' कशासाठी?

जगभरात सुपर कप म्हणजे काय, हे साधं आहे. देशात एक लीग असते, वर्षभर चालणारी. एक कप असतो, हरला की बाहेर. लीगचा विजेता आणि कपाचा विजेता यांची एक मॅच लावायची, जिंकेल तो सुपर! इंग्लंडमध्ये १९०८ पासून चॅरिटी शील्ड आहे (आता तिला कम्युनिटी शील्ड म्हणतात). इटलीत १९८८ पासून. आपल्याकडे १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, फेडरेशन कप तर १९७७ पासून होताच, म्हणून १९९७ मध्ये आपणही सुपर कप सुरू केला. म्हणजे कल्पना चांगली होती, वेळही बरोबर होती. पहिलाच कप ईस्ट बंगालने नेला. १९९८ आणि १९९९, सलग दोन वर्षं गोव्याच्या साळगावकरने.

या साळगावकरचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते टीव्हीवर नाही, शाळेत. आमच्या शाळेत एक फादर होते, मूळचे मडगावचे. खान्देशातल्या उन्हात पांढरा झगा खोचून ते आमच्याबरोबर खेळायचे. मे महिन्याच्या सुट्टीत गोव्याला जाऊन आले की खिशात काजू आणि तोंडात साळगावकर, डेम्पो, चर्चिल. आम्हाला वाटायचं ही त्यांच्या नातेवाइकांची आडनावं आहेत! कितीतरी दिवसांनी कळलं की हे क्लब आहेत. मग ते आम्हाला चिडवायचे, "तुमचो क्लब खंय रे?" तुमचा क्लब कुठाय? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. महाराष्ट्राचा क्लब कुठला? आमच्यातल्या एकाने तर "मुंबई इंडियन्स" असं उत्तर दिलं होतं. फादर दोन दिवस हसत होते.

फादरना तेव्हा सांगायला हवं होतं ते उत्तर मला आता मिळालंय : महिंद्रा युनायटेड. २००३ मध्ये फेडरेशन कप आणि सुपर कप, दोन्ही या मुंबईच्या टीमने जिंकले होते. कुपरेजच्या छोट्याशा मैदानावर खेळणारी लाल जर्सीची टीम, 'जीपमेन' म्हणायचे त्यांना. २००५ मध्ये त्यांनी पुन्हा फेडरेशन कप घेतला आणि २००५-०६ ची नॅशनल लीगसुद्धा. कोच होते गोव्याचे डेरिक परेरा. माझे मामा त्या काळात मुंबईत नोकरीला होते, सुटीच्या दिवशी कुपरेजला जायचे. ते सांगतात, गर्दी फार नसायची, पण जे यायचे ते सगळे एकमेकांना तोंडओळखीने ओळखायचे.

आता इथे सुपर कपची खरी गंमत सुरू होते, आणि आपल्या इंजिनीअरिंगवाल्यांना ती लगेच कळेल. महिंद्राने त्या सीझनला लीगही जिंकली आणि कपही जिंकला. मग सुपर कप कोणाशी खेळायचा? स्वतःशी? तर नियम असा की दुसऱ्या नंबरवाल्याला बोलवायचं. लीगमध्ये दुसरा होता ईस्ट बंगाल. २००६ च्या सुपर कपमध्ये ईस्ट बंगालने महिंद्राला हरवलं आणि सुपर झाले!

एवढंच नाही. २०११ मध्ये तंतोतंत हेच पुन्हा. साळगावकरने २०१०-११ ची आय-लीगही जिंकली आणि २०११ चा फेडरेशन कपही. सुपर कपला समोर कोण? लीगमध्ये दुसरा आलेला ईस्ट बंगाल. (फेडरेशन कपच्या फायनलमध्येसुद्धा साळगावकरने हरवलं होतं ते यांनाच.) आणि सुपर कप कोणी जिंकला? ईस्ट बंगालने.

म्हणजे बघा, सगळ्या सेमिस्टरला डिस्टिंक्शन मिळवणाऱ्या टॉपरला शेवटच्या दिवशी सेकंड क्लासवाल्याबरोबर एक तोंडी परीक्षा द्यायला लावायची, त्यात तो अडखळला की गोल्ड मेडल सेकंड क्लासवाल्याच्या गळ्यात! माझ्या रूममेटला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मस्त आहे की सिस्टीम, आपल्या युनिव्हर्सिटीत कधी येणार?"

ईस्ट बंगालवाल्यांनी रागवू नये. मैदानावर जिंकले ते जिंकले. आणि नियमही आपण शोधलेला नाही, इंग्लंडमध्येसुद्धा एकाच टीमने दोन्ही जिंकलं तर लीगमधल्या दुसऱ्याला बोलावतात. स्पेनने तर कहर केलाय. त्यांनी दोनाच्या चार टीम केल्या, सामने सौदी अरेबियात नेले, आणि जानेवारी २०२० चा पहिलाच तसा कप रिअल माद्रिदने नेला, जे आदल्या सीझनला ना लीगचे विजेते होते ना कपाचे! तेव्हा 'सुपर' या शब्दात पाणी घालायचं काम सगळीकडेच चालू आहे. आपल्या डेअरीवाल्यांना उगाच नावं ठेवतो आपण.

मला तक्रार वेगळ्याच गोष्टीची आहे. इंग्लंडच्या त्या सामन्याचं कुणी कितीही हसं करो, सीझन सुरू व्हायच्या आधी तो होतो म्हणजे होतो. आपल्याकडे १९९७ ते २०११ या काळातही तो दरवर्षी झाला नाही. मधली कितीतरी वर्षं रिकामी. कधी लीगच्या आधी, कधी नंतर, मनात आलं तेव्हा. २००७ आणि २००९ मोहन बागान, २००८ आणि २०१० डेम्पो... जरा कुठे सलग पाच-सहा वर्षं गाडी रुळावर आली, लोकांना सवय लागत होती, तर २०११ नंतर बंदच! निरोप समारंभ नाही, घोषणा नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर वाय.डी. आणि साधा वाय.डी. नाही, एकदम सहा वर्षांचा.

या सहा वर्षांत भारतीय फुटबॉलमध्ये काय काय झालं ते बघा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. तिच्यात पैसा, टीव्ही, सिनेमावाले मालक. जुनी आय-लीग बाजूला पडली. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि डेम्पो या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीग सोडली. डेम्पो, पाच वेळा देशाचे लीग चॅम्पियन! आणि २०१७ मध्ये फेडरेशन कपही शेवटचा खेळला गेला, कटकला, बेंगळुरू एफसीने मोहन बागानला २-० ने हरवलं. चाळीस वर्षांचा कप गेला.

२०१८ मध्ये त्याच्या जागी जो नवीन कप आला त्याला नाव दिलं 'सुपर कप'. आबा, इथे घोळ झाला बघा! नाव जुन्या सुपर कपचं, आणि काम फेडरेशन कपचं. एका मॅचचा कप नाही, आय.एस.एल.च्या आणि आय-लीगच्या टीम एकत्र करून नॉकआउट. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या हॉलतिकिटावर दुसऱ्याचा फोटो. म्हणून आबांना वाटलं 'दुसराच व्हता', आणि त्यांचं अगदी बरोबर आहे.

तरीही सांगतो, हा नवीन कप मला मनापासून आवडतो. कारण नाव काहीही असो, त्या काळात मोठ्या घरचे आणि साध्या घरचे क्लब समोरासमोर यायची ही हक्काची जागा होती. लीग वेगळ्या, पैसे वेगळे, पण मैदान एकच. २०१८ चा पहिला कप भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर झाला. त्यात क्वार्टर फायनलला एफसी गोवा आणि जमशेदपूर यांच्यात हाफ टाइमला अशी हाणामारी झाली की दोन्हीकडचे तीन-तीन मिळून सहा जणांना रेड कार्ड! दुसरा हाफ आठ विरुद्ध आठ. गोवा ५-१ ने जिंकलं. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला हे फार भारी वाटलं होतं. (फादरना सांगितलं तर त्यांनी छडी दाखवली. त्यांचीच टीम होती ना!) आपल्या मेकॅनिकल-सिव्हिलच्या मॅचेस बघितल्यावर मात्र आता त्यात विशेष काही वाटत नाही.

त्या वर्षीची फायनल बेंगळुरू एफसीने ईस्ट बंगालवर ४-१ ने जिंकली. आधी गोल खाल्ला होता बेंगळुरूने. बरोबरीचा गोल कोणी केला माहीत आहे? राहुल भेकेने. आपला मुंबईचा राहुल भेके! त्यानंतर सुनील छेत्रीचे दोन, मिकूचा एक. पुढच्याच वर्षी आय.एस.एल.च्या फायनलमध्ये, मुंबईतच, ११७ व्या मिनिटाला गोल करून बेंगळुरूला चॅम्पियन बनवणारा सुद्धा हाच भेके. आपल्या किती जणांना हा माणूस माहीत आहे? मी वर्गात विचारलं. साठ जणांत दोन हात वर झाले, त्यातला एक माझा होता.

२०१९ ला गोव्याने चेन्नईयिनला २-१ ने हरवून कप नेला, पण तो कप लक्षात राहिला तो आय-लीगच्या अनेक क्लबांच्या बहिष्कारामुळे. आमचं पुढे काय होणार ते सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नंतर कोरोना आला आणि २०२०, २०२१, २०२२ पुन्हा वाय.डी. २०२३ मध्ये कप परत आला, यावेळी केरळात. कोझिकोडला फायनलमध्ये ओडिशा एफसीने बेंगळुरूला २-१ ने हरवलं. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा भुवनेश्वर, ईस्ट बंगालने त्याच ओडिशाला त्यांच्याच घरी एक्स्ट्रा टाइममध्ये ३-२. मे २०२५ मध्ये गोवा, जमशेदपूरवर ३-०. आणि त्याच २०२५ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा गोवा, तो मी रेंज गेल्यामुळे न पाहिलेला. एका वर्षात दोन सुपर कप! सहा वर्षं एकही नाही आणि मग एका वर्षात दोन. आमच्याकडच्या पावसासारखंच.

जिंकून मिळतं काय, असं कोणी विचारेल. आशिया मिळतं. २०२५ चा मे महिन्यातला कप जिंकला म्हणून गोव्याला आशियाच्या एएफसी चॅम्पियन्स लीग टू या स्पर्धेच्या पात्रता फेरीचं तिकीट मिळालं. ऑगस्टमध्ये त्यांनी ओमानच्या अल सीबला २-१ ने हरवलं, मेन ग्रुपमध्ये गेले, आणि तिथे ग्रुपमध्ये आलं कोण? अल नासर! रोनाल्डोची टीम! २२ ऑक्टोबर २०२५ ला अल नासर फातोर्ड्याला खेळायला आली. रोनाल्डो आला नाही तो भाग वेगळा... पण ब्रायसन फर्नांडिस नावाच्या गोव्याच्याच पोराने त्यांना गोल मारला. मॅच १-२ ने गेली. जाऊ द्या. विचार करा, भुवनेश्वरमध्ये एक कप जिंकायचा आणि पाच-सहा महिन्यांत सौदीची टीम तुमच्या दारात. ज्याला लोक 'तो फालतू कप' म्हणतात त्याची ही ताकद आहे.

२०२५ च्या शेवटच्या कपाची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या वर्षी आय.एस.एल. वेळेवर सुरूच झाली नाही. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता, नवीन होत नव्हता. खेळाडू घरी बसून. लीग सुरू झाली ती थेट फेब्रुवारी २०२६ मध्ये, तीही छाटून. त्याआधी क्लबांना खेळायला होतं काय? सुपर कप! म्हणजे अ‍ॅडमिशनच्या आधी गॅदरिंग, पण तेवढंच होतं. त्या कपात रिअल काश्मीरने माघार घेतली आणि त्यांच्या जागी ऐनवेळी आले डेम्पो. हो, तेच २०१६ ला निघून गेलेले डेम्पो, जे खालून पुन्हा चढत २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतले होते. एकही परदेशी खेळाडू नाही, सगळी आपली पोरं. ईस्ट बंगालशी २-२. मोहन बागानशी ०-०. कोलकात्याच्या दोन्ही हत्तींना या पोरांनी रोखून धरलं. साळगावकर-डेम्पो करत आमच्या मागे लागणारे फादर आता दुसऱ्या राज्यात बदलून गेलेत, पण त्या रात्री मी त्यांना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, "तुमचो क्लब खंय?"

बघा ना. तोच प्रश्न.

तर आपला क्लब कुठाय? महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाली. पुणे एफसी २००७ ला निघाली, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरी आली (कोच पुन्हा तेच डेरिक परेरा!), आणि बंद झाली. भारत एफसी पुण्यातच निघाली आणि एक सीझन खेळून बंद. डीएसके शिवाजियन्स दोन सीझन. मुंबई एफसी बंद. एफसी पुणे सिटी आय.एस.एल.मध्ये होती, २०१९ ला तीही गेली. १८९१ पासून मुंबईत चाललेला रोव्हर्स कप २००१ नंतर थांबला. ही यादी मी काढत गेलो तेव्हा मला वाटलं मी एखाद्या एम.आय.डी.सी.तल्या बंद पडलेल्या प्लॉटांची यादी करतोय. मोठा बोर्ड, मोठं उद्घाटन, आणि काही वर्षांनी गेटला कुलूप आणि आत गवत. नरडाण्याच्या माणसाला हे चित्र नवीन नाही.

राहिली मुंबई सिटी. तिने आय.एस.एल.ची शील्ड दोनदा आणि कप दोनदा जिंकलाय. पण सुपर कप? २०२४ ला सेमी फायनलमध्ये ओडिशाकडून ०-१. २०२५ च्या पहिल्या कपात सेमी फायनल, जमशेदपूरकडून ०-१. २०२५ च्या दुसऱ्या कपात परत सेमी फायनल, गोव्याकडून १-२. म्हणजे २००३ नंतर महाराष्ट्रात हे नाव असलेला कप आलेला नाही. आता कोणी म्हणेल तो कप वेगळा आणि हा वेगळा, तुलना चुकीची आहे. तेच तर मी म्हणतोय! आपल्याला तुलनासुद्धा करता येत नाही. ईस्ट बंगालने एकूण किती सुपर कप जिंकले याचं एक उत्तर नाही. जुने तीन, नवा एक, बेरीज करायची की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं.

माझं मत विचाराल तर नॉकआउटला त्याचं जुनं नाव, फेडरेशन कप, परत द्यावं. तो मोठ्या-छोट्या सगळ्या क्लबांसाठी उघडा ठेवावा. आणि सुपर कप पुन्हा एका मॅचचा करावा, ठरलेल्या तारखेला, सीझनच्या सुरुवातीला. दरवर्षी अशा गावात, जिथे फुटबॉलचं वेड आहे पण देशातल्या वरच्या लीगचा क्लब नाही. आपल्या राज्यात असं गाव शोधावं लागत नाही. कोल्हापूर! पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल यांच्या मॅचला शाहू स्टेडियम कसं भरतं ते यूट्यूबवर बघा. तालमींच्या नावाने फुटबॉल खेळणारं दुसरं शहर मला तरी माहीत नाही. तिथे देशाचा सुपर कप लावला तर टीव्हीवाल्यांना प्रेक्षकांचा आवाज वरून टाकायची गरज पडणार नाही. आणि एकाच टीमने दोन्ही जिंकलं तर? तर सरळ कप त्यांना द्या आणि त्यांची मॅच राज्याच्या निवडक टीमशी लावा. टॉपरची तोंडी परीक्षा बंद!

हे सगळं लिहिणं सोपं आहे. फेडरेशनला शिव्या देणं तर त्याहून सोपं. पण हा लेख लिहिताना मला एक गोष्ट सारखी टोचत होती, ती सांगितली नाही तर हे सगळं खोटं ठरेल.

आपल्या कॉलेजमध्येही एक सुपर कप होता. फर्स्ट इयरवाल्यांना माहीत नसेल. पहिल्या सेमला ब्रँच लीग, दुसऱ्या सेमला नॉकआउट, आणि गॅदरिंगच्या शेवटच्या दिवशी दोन्ही विजेत्यांची मॅच. कुठल्यातरी जुन्या बॅचने सुरू केलेली. कप म्हणजे एक स्टीलचा डबा होता, त्याला दोन कान वेल्ड केलेले, वर्कशॉपमध्येच. त्यावर दरवर्षी पेंटने वर्ष आणि ब्रँच लिहायचे.

गेल्या वर्षी लीग सिव्हिलने जिंकली होती आणि नॉकआउट आम्ही, मेकॅनिकलने. मॅच दुपारी चारला होती. डी.जे. नाइटच्या मंडपवाल्याला मैदान दुपारी बारापासूनच हवं होतं. कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, मॅच सकाळी घ्यायची की रद्द करायची. मी स्पोर्ट्स कमिटीत होतो. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी बोललो असतो तर सकाळी सातला मॅच झाली असती. माझे चार प्लेयर आदल्या रात्रीच घरी निघून गेले होते, त्यात गोलकीपरही. आम्ही हरणार हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "होऊ दे कॅन्सल, वेळ नाहीये." मीटिंगच्या वहीत 'वेळेअभावी' असं लिहिलं गेलं. अक्षर माझंच आहे.

सिव्हिलचा कॅप्टन फायनल इयरला होता. तो मला कॅन्टीनसमोर भेटला, ओरडला नाही, काही नाही. फक्त विचारलं, "मग भाऊ, कधी घ्यायची?" मी म्हणालो, "बघू, परीक्षेनंतर." परीक्षेनंतर तो पास आउट झाला. यंदाच्या गॅदरिंगच्या यादीत तर मॅचचं नावच नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही. सहा वर्षांचा वाय.डी. असाच सुरू होत असावा. कोणीतरी वहीत 'वेळेअभावी' लिहितं, बस्स.

तो डबा वर्कशॉपच्या कपाटावर आहे, मी मागच्या आठवड्यात जाऊन पाहिला. आत कुणीतरी वॉशर भरून ठेवलेत. दोन वर्षांच्या जागा कोऱ्या आहेत. वर्कशॉपच्या मामांनी विचारलं, "नेतो का? मला कपाट आवरायचंय." मी डबा रिकामा करून घेतलाय, सध्या माझ्या खोलीवर आहे.

सिव्हिलच्या नव्या कॅप्टनशी बोलणं झालंय. यंदाची लीग त्यांनीच जिंकली, नॉकआउट ई. अँड टी.सी.ने. आम्ही सेमी फायनलला गारद, म्हणजे माझा आता या मॅचशी काही संबंध नाही, शिट्टी वाजवण्यापुरता आहे. सबमिशन संपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, मंडपवाले उठायच्या आत. गेल्या वर्षीच्या सिव्हिलच्या कॅप्टनलाही फोन केला होता. तो आता धुळ्याला साइटवर असतो. म्हणाला, रविवार असेल तर येतो. मी तारीख बघितली, शनिवार येत होता. एक दिवस पुढे ढकललाय. ई. अँड टी.सी.वाल्यांकडे बॉल आहे पण त्यात हवा टिकत नाही, त्यामुळे शनिवारी मी नरडाण्याहून येताना आमचा घेऊन येणार आहे, चिकटवलेला आहे, पण चालतो.